तेलात पाहिलेलं तोंड

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. अशा बाळाची शांत, म्हणजे दोष घालवायचा होम, होईपर्यंत बापाने त्याचं तोंड पाहायचं नसतं. म्हणून बाबांनी मला सत्ताविसाव्या दिवशी पाहिलं, तेही आधी तेलाच्या वाटीतल्या प्रतिबिंबात. पुढे मी कधीही आवाज चढवला की आई म्हणायची, "हिची शांत बराबर झालीच नाही."

कॉलेजात संस्कृतच्या मॅडमनी सांगितलं, शांत हा शब्द शम् धातूपासून आला. शमणं म्हणजे निवणं, विझणं. आणि यज्ञातल्या पशूचं तोंड दाबून जीव घेणाऱ्याला शमिता म्हणत, म्हणजे शांत करणारा. घरी येऊन मी हे तावातावाने बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "काहून एवढी बोलून राहिली तू?"

गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली, तीही मुळावर. भाऊ इंजिनिअर. दवाखान्यात तिच्यासमोर गेला नाही, पण व्हिडिओ कॉलवर रोज पाहायचा. मोबाइलचा दोष लागत नाही म्हणे. काल नंदनवन कॉलनीतल्या त्याच्या फ्लॅटवर शांत झाली. होमाच्या धुराने पोर जी रडायला लागली, ती थांबेना. "उगी वं, उगी," म्हणत आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मला मॅडमचा तो तास आठवला. पण समोर भावाच्या सासरची माणसं बसली होती. मी उठून खिडकी उघडली आणि परत जागेवर येऊन बसले.

माझी शांत अगदी बराबर झाली होती.