हातांवर बसणारे अण्णा

अण्णा स्वतःच्या हातांवर बसत. अगदी खरोखर. खुर्चीत टेकण्याआधी दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायचे आणि मग वजन टाकायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारीही ते तसेच बसलेले दिसले, तेव्हा विचारलं. म्हणाले, "मोकळे सोडले की जातात ओ पोरांच्या कामात."

विज्ञान महोत्सवाला तुम्ही कधी गेला असाल तर पाहिलंच असेल. मुलांनी करून बघायच्या टेबलांवर मोठ्यांचेच हात जास्त असतात. आई धरते, बाबा जोडतात, स्वयंसेवक समजावतात आणि मूल फोटोपुरतं पुढे येतं. बंगळूरच्या त्या महोत्सवात अण्णा आणि मी स्वयंसेवक होतो; आमचं टेबल मोटारीचं होतं. एक सेल, एक लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेवरचा लेप नेमका खरवडला की वेटोळं गरगर फिरतं, नाहीतर ढिम्म.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलेला. समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. अण्णा मूळचे निपाणीकडचे. बंगळूरबाहेर होसकोटेच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी हयात गेली होती. मी तोंड उघडलं रे उघडलं की ते म्हणत, "स्वल्प थांबा की ओ. पोरगं अजून दमलं न्हाई."

फार पुढे पुढे करणाऱ्या बापांसाठी त्यांनी एक वेगळं स्टूल ठेवलं होतं. "साहेब, तुम्ही तुमची वेगळी करा, तिकडं." एकदा तिथे एक गृहस्थ तासभर रमले. मुलगा मोटार फिरवून, आइस्क्रीम खाऊन परत आला तरी बापाची तार खरवडणं चालूच होतं.

त्या शनिवारी होसकोटेच्या बाजूच्या एका शाळेची बस आली. त्यातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आमच्या टेबलाशी बसली ती उठेचना. वेटोळं तिने तीनदा उकललं, तीनदा गुंडाळलं. बाकीची मुलं सगळी टेबलं हिंडून आली. शेवटी बाई आल्या, बस सुटायची वेळ झाली म्हणाल्या. मुलीने अण्णांकडे पाहिलं. "ताता," एवढंच म्हणाली. तिकडे आजोबांना ताता म्हणतात. अण्णा जागचे हलले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला.

बाई तिला घेऊन निघाल्या तसा मी टेबलावरची आमची नमुन्याची फिरती मोटार उचलली आणि धावत जाऊन तिच्या हातात कोंबली. मोठं पुण्य केल्याच्या थाटात परत आलो. अण्णा तिचं अर्धवट वेटोळं कागदात गुंडाळत होते.

"रागावलात?" मी विचारलं.

"न्हाई ओ. तुम्ही चांगल्या मनानं केलासा." त्यांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली. "मी पण चांगल्याच मनानं सात वेळा केलं."

मग त्यांनी स्वतःच्या मुलीचं सांगितलं. ती शाळेत असताना तिची सगळी विज्ञानाची मॉडेलं अण्णांनीच केली होती. फिटरच तो, काय एकेक मॉडेल असेल! सात कप मिळाले. मुलगी आता इंदिरानगरात मोठ्या पगारावर आहे आणि गॅसचा सिलिंडर लावायलाही बापाला होसकोट्याहून बोलावते. "घरातले सातही कप माझे," अण्णा म्हणाले. "तिला ठाऊक होतं. बक्षीस घेताना कधी हसली न्हाई पोर. मला वाटायचं, लाजतीया."

मी काही न समजावता तारांचे तुकडे गोळा करायला लागलो. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

रविवार शेवटचा दिवस. अण्णा सकाळपासून दाराकडे बघत होते. "येईल का ओ ती?" दोनदा विचारलं. एवढ्या लांबून, शाळेची बस नसताना कोण येतं, असं मला वाटत होतं. मी ते बोललो नाही. जेवायलाही ते उठले नाहीत. चारच्या सुमारास आम्ही आवरायला घेतलं, आणि ती आली. बरोबर खाकी शर्टातला बाप होता, ड्युटीवरून थेट आलेला. तिने माझी मोटार माझ्यापुढे ठेवली.

"इदु नंदल्ला," ती म्हणाली. हे माझं नाही. एवढं कानडी मलाही कळतं. "नंदु एल्ली?" माझं कुठे आहे?

अण्णांनी खिशातली पुडी काढली.

पाऊण तास लागला. आजूबाजूचे मांडव उतरले, बापाने दोनदा हात पुढे केला आणि अण्णांनी तो दोनदा धरून ठेवला. शेवटी वेटोळं थरथरलं, अर्धं फिरून थांबलं. तिने तारेचं एक टोक पुन्हा थोडं खरवडलं, बोटाने टिचकी मारली, आणि ते फिरायला लागलं. ती ओरडली नाही, नाचली नाही. बघत राहिली आणि मग हसली. इतकी हसली की मला अण्णांकडे बघवेना.

त्यानंतर अण्णा मला भेटले नाहीत. उन्हाळ्यात गावी गेले आणि तिथेच वारले, असं कळलं. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळच्या बसस्टॉपवरचे. होसकोट्याच्या बसची वाट बघत तिघं उभे होते. मुलगी त्यांना हातवारे करून सांगत होती की एका टोकाचा लेप पूर्ण काढायचा, दुसऱ्या टोकाचा मात्र अर्धाच, नाहीतर मोटार फिरतच नाही. आणि उभा जन्म यंत्रांत घालवलेले अण्णा वाकून, डोळे मोठे करून तिला विचारत होते, "हौदा? असं होय? मग पुढं?"