बाबांना दाखवायची पूड

माझ्या बाबांचा जन्म उरणकडच्या मिठागरात गेला. त्यांची पोरगी खारघरच्या लॅबमध्ये दिवसभर करते तरी काय, हे त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. शेवटी सोपं करून सांगितलं. बाबा, मी एक पूड बनवते. तिच्यावर ठरावीक उजेड टाकला की ती चमकते. पुढेमागे ती शरीरात सोडता आली, तर गाठ कुठवर पसरलीय ते डॉक्टरांना दिसेल. त्याच जातीची दुसरी पूड काचेवर चढवून उन्हाची वीज करता येते का, तेही आम्ही बघतो.

"मंग कवा दावशील?"

"थांबा हो, अजून नीट जमली नाहीय."

मी आहेच तशी हट्टी. अर्धवट काम कुणाला दाखवायचं म्हटलं की मला कसंतरीच होतं. इकडे काचबिंदूने बाबांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही हळूहळू चालला होता. त्यांना दिसतंय तोवर दाखवायचं, पण दाखवायचं तर चांगलंच दाखवायचं, या नादात दोन वर्षं गेली.

यंदा पूड मनासारखी जमली. त्याच आठवड्यात बाबांना लॅबमध्ये आणलं. खोलीतले दिवे बंद केले, त्यांना जाड चष्मा चढवला आणि बशीवर छोटा दिवा धरला. पूड काय सुरेख चमकली म्हणून सांगू. तेवढ्यात बाबांनी चाचपत चिमूटभर उचलली आणि हात थेट जिभेकडे नेला. जन्मभर मिठाची पारख त्यांनी तशीच केलेली. मी खसकन मनगट धरलं.

"बाबा, मीठ नाय ते. वेड लागलंय का?"

ओरडले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांची बोटं नळाखाली धुतली, त्यांना पुन्हा बशीसमोर उभं केलं.

"दिसतंय का?"

"दिसतंय ना बाय. निला हाय. जाम बेस हाय."

पूड लालभडक चमकत होती. निळी होती ती पहिल्या वर्षीची, मी फोनवर सांगितलेली. निळा उजेड मांसातून फार लांब जात नाही, म्हणून तर मी खपून खपून तिला लालवर आणली होती. बाबांनी जुनं ऐकलेलं आठवून माझं मन राखलं.

"हो बाबा, निळीच," मी म्हणाले, आणि त्या अंधारात मला रडू आवरेना. ती पहिली पूड फिकट होती, काही कामाची नव्हती. पण तेव्हा बाबांना ती दिसली असती.