कॅरिअरवरचे चार टायर

कणकवलीहून एसटीत बसलो तेव्हा खिशात सुमनचं अंतर्देशीय पत्र होतं. सुमन माझी भावजय, धाकट्या भावाची, वसंताची बायको. पत्र चार ओळींचं. "दादा, यांच्या टॅक्सीचा पुढचा डावा टायर पार गेलाय. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. एकदा येऊन जा." मी शाळामास्तर, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळा गाव जाणतो. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी मनातल्या मनात वसंताला झापत होतो.

दादरला तो रात्रीपासूनच गाडी लावून थांबला होता. गालफडं बसलेली, केस पिकलेले. चौदा वर्षं त्याने गिरणीच्या साचेखात्यात (माग चालवतात त्या खात्यात) काढली. संप फिसकटला तेव्हा गिरणीने त्याला परत घेतलं नाही, आणि त्याने एक जुनी काळी-पिवळी हातात धरली. मी पिशवी ठेवण्याआधीच पुढच्या डाव्या चाकाशी वाकलो. टायरचा गोटा झाला होता, नक्षीची एक रेघ उरली नव्हती. बाजूला बोटभर चीर, तिच्यातून आतलं कापड दिसत होतं.

"हे काय आहे, वसंता?"

त्याने अंगठ्याचं नख चिरेत घातलं आणि कापड खरवडून पाहिलं. "दोरो बघ, दादा. एक पण तुटूक नाय (तुटलेला नाही). रबर काय, वरचो रंग तो. टायर कापडावर चलता."

चौदा वर्षं कापड विणलेला माणूस टायरमध्येही कापडच बघणार! त्याच्या त्या शहाणपणाचा मला इतका संताप आला की मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

गाडी निघाली तीच धपधप करत. नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की तळाशी चपटतो, तापला की गोल होतो, असं वसंता म्हणाला. तो तापून गोल व्हायच्या आत हिंदमातापाशी मागचा एक पंक्चर झाला. साड्यांच्या दुकानांसमोर आम्ही गाडी ढकलत कडेला घेतली. पंक्चरवाला केरळचा होता. त्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुड्यांऐवजी पुढच्या टायरकडेच बघत राहिला.

"इसको निकालो सेठ. ये टायर नहीं, चड्डी है."

तिथे हवा भरायला थांबलेले आणखी दोन टॅक्सीवाले होते. टायरचा विषय निघाला म्हटल्यावर त्यांची तोंडं थांबेनात. एकाच्या रिमोल्ड टायरचा (जुन्यावर नवं रबर चढवलेला) पट्टा भर रस्त्यात सुटून मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीवर बसला होता. दुसरा म्हणाला, जाड थरांचा टायर घ्यावा, वर्षानुवर्षं मरत नाही, पण प्रवाशांची हाडं खिळखिळी होतात. "आणि गोटा?" मी विचारलं. "गोटा काय, सगलेच चालवतात," तो हसत म्हणाला. माझ्या तोंडाला आलेली शिवी मी शाळामास्तर म्हणून गिळली.

वसंता करी रोडच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहतो. खोलीसमोरच्या गिरणीची चिमणी नुसतीच उभी होती. सुमनने चहा आणि घावणे दिले. खाटेवर टेकलो आणि पाय मागे घेतला तर टाच कशावर तरी आपटली. चादर उचलून पाहतो तो खाटेखाली चार टायर! नवेकोरे, रिमवर चढवलेले. त्यांच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा झिजले नव्हते. दसऱ्याचं हळद-कुंकू आणि वाळलेली झेंडूची पाकळी तशीच चिकटलेली.

मी सुमनकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते पासिंगचे, दादा. त्यांना हात लावायचा नाही."

मग सगळं समजलं. वसंता आणि स्टँडवरचे आणखी तिघे, अशा चौघांनी मिळून तो एक संच घेतला होता. दरवर्षी गाडी सरकारी तपासणीला, म्हणजे पासिंगला, न्यायची वेळ आली की ज्याची गाडी त्याने हे चार टायर चढवायचे, शिक्का घ्यायचा आणि उतरवून पुढच्याला द्यायचे. एरवी चौघेही गोट्यावर. वसंताचा शब्द पक्का, म्हणून टायर त्याच्या खाटेखाली. वर पोरं झोपतात, खाली नवे टायर झोपतात आणि बाप फाटक्यावर मुंबई फिरतो.

"अरे, एक तरी लाव!" मी ओरडलो. शेजारीण दारात डोकावून गेली.

"एकान लावलो तर झिजतलो. मग तिघांचा पासिंग कसा व्हतला?"

"मी घेऊन देतो नवा."

"तिघांका पण देशीत?"

त्या दिवशी वसंताच्याच गाडीचं पासिंग होतं. त्याने चारही टायर खांद्यावरून खाली नेले, चढवले, उतरवलेले गोटे आत कोंबले, आणि आम्ही निघालो. गाडी लोण्यावरून जावी तशी गेली. तपासणीच्या साहेबाने टायरला बुटाची एक ठोकर मारली, मान डोलावली आणि शिक्का दिला. दाराबाहेर पडून पन्नास पावलांवर वसंताने गाडी थांबवली, जॅक काढला आणि नवे टायर उतरवायला लागला. दुसऱ्या दिवशी कैतानचं पासिंग होतं. कैतान हा चौघांतला एक, गिरगावात खोताच्या वाडीत राहणारा. टायर त्याला पोचवायचे होते.

मी पान्हा हिसकावून घेतला. "हे पाप मी बघणार नाही. कैतानकडे जाईपर्यंत तरी राहू दे."

वसंता पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघत बोलला. "दादा, संपात माका पत्रात काय लिवलं हुतंस? 'बाकीच्यांका सोडून एकट्यान आत जाव नको. शब्द मोडू नको.' तूच लिवलंस ना?"

लिहिलं होतं. दर महिन्याला पगार घेणाऱ्या मास्तरने, आपल्या पडवीत बसून, छान अक्षरात लिहिलं होतं. मी पान्हा परत दिला. गोटे चढले, नवे चार टायर वर कॅरिअरवर दोरीने बांधले आणि आम्ही निघालो. मी स्वतःवर चिडलो होतो की त्याच्यावर, ते मला सांगता आलं नसतं.

ऑपेरा हाऊसच्या अलीकडे तो पुढचा डावा टायर फुटला. बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली, पदपथावर चढली आणि थांबली. समोर एक कोळीण माशांची टोपली घेऊन उभी होती. तिच्या आणि बॉनेटच्या मधे हातभर जागा होती. तिने टोपली सावरली.

"डोले फुटले काय रं मेल्या! माझी पोरं उघड्यावर पाडतोस?" मग तिची नजर वर गेली. ती कॅरिअरकडे बघतच राहिली. "वर नवे टायर नि खाली चिंध्या? त्यांना काय हवा खायला नेतोस?"

सकाळपासून मला जे बोलायचं होतं ते त्या बाईने एका वाक्यात बोलून टाकलं. लोक हसले. वसंता हसला नाही. तो फुटक्या टायरशी उकिडवा बसला आणि चिंध्या बोटांनी उलगडू लागला, गिरणीत ठाण (कापडाचा अखंड तुकडा) तपासावं तसा. मग म्हणाला, "दोरो तुटूक नव्हतो, दादा. थर सुटले. आतल्या आत एकमेकांपासून सुटले. ता माका भायरसून दिसाक नाय."

तरीही त्याने कॅरिअरवरच्या टायरला हात लावला नाही. स्टेपनी काढली, तीही गोटाच, आणि बैलगाडीच्या चालीने आम्ही खोताची वाडी गाठली.

कैतान लाकडी जिन्यावर बसून दाढी करत होता. चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस. मी नमस्कारसुद्धा केला नाही. काय घडलं ते सांगितलं आणि तोंड सोडलं. कुणीतरी मेल्याशिवाय तुमचे टायर उतरणार नाहीत का, असं विचारलं. कैतानने अर्ध्या गालावरचा साबण पुसला. मला घेऊन आपल्या गाडीपाशी गेला. त्याच्या पुढच्या चाकातही कापड दिसत होतं.

"दोन वर्षं मी मागणार होतो, मास्तर. एक तरी द्या रे म्हणून. पण वशाच्या खाटेखाली टायर नि तो स्वतः लावत नाय. मग मी कुठल्या तोंडाने मागू?"

वसंता म्हणाला, "मी म्हटलं, कैतान म्हातारो असून मागणा नाय. मी कसो मागू?"

मला त्या दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि रडावंसंही वाटलं. दोन वर्षं ही माणसं एकमेकांचा शब्द राखत फाटक्या कापडावर फिरत होती आणि कुणी तोंड उघडलं नव्हतं.

कैतानने चाकू घेऊन कॅरिअरची दोरी कापली. एक टायर खाली घेतला आणि स्वतःच्या हाताने वसंताच्या डाव्या चाकाला चढवला. "माझा मागचा एक बरा हाय. तीन नवे, एक बरा, उद्या होईल पासिंग. बाकीच्या दोघांना मी सांगतो. परवापासून एकेक वाटून घ्यायचा. पुढल्या वर्षी पास नाय झालो तर चौघं मिळून बोंबलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता मला परळला एसटीवर सोडायला आला. नवा टायरसुद्धा धपधप करत होता. "तापलो की गप्प व्हतलो," वसंता म्हणाला. खरंच, लालबाग यायच्या आत गप्प झाला.

माझा राग अजून गेलेला नाही. ज्यांनी चौदा वर्षं राबलेला विणकर रस्त्यावर काढला त्यांच्यावर आहे, बुटाची ठोकर मारून शिक्का देणाऱ्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त त्या छान अक्षरातल्या पत्रावर आहे. घरी पोचलो, हातपाय धुतले आणि त्याच पडवीत बसून वसंताला दुसरं पत्र लिहिलं. खूप वेळ बसलो, पण एकच ओळ झाली.

"शब्द राख, पण लागेल ते मागत जा."