वाकलेल्या पिना

प्रोसेसरच्या पोटाला बारीक बारीक पिना असतात. एखादी वीज आत घेते, एखादी निरोप आणते, तर एखादी ‘जरा थांब’ एवढंच सांगते. बाबांनी पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर हेच शिकवलं. म्हणून परवा घरचा कॉम्प्युटर दुरुस्त करताना नवा प्रोसेसर मी त्यांच्याच हातात दिला. बसवताना त्यांचा हात थरथरला, प्रोसेसर तिरका टेकला आणि कडेच्या पिना वाकल्या. बाबांनी तो हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकून टाकला. मला तिकडे बघवेना.

मी सुईने पिना सरळ करायला बसले. तेवढ्यात आईने येऊन विचारलं, “काय झालं गं?”

“माझ्याकडून पिना वाकल्या,” मी पटकन म्हणाले.

“तिच्याकडून नाही, माझ्याकडून,” बाबा म्हणाले. “हल्ली हात थरथरतो माझा.”

आई आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, “यात खोटं बोलण्यासारखं काय होतं?”

त्या हाताची लाज त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटली होती, आणि ते त्यांना कळलं होतं. मान वर न करता मी पुढची पिन सरळ करत राहिले.