नाव खरवडलेली नळी

गरोदर बायकांच्या तपासणीतून उरलेलं रक्त आमच्याकडे येई. जिल्ह्यात एचआयव्हीची लागण किती जणांना झाली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. त्याआधी प्रयोगशाळेतल्या शैलाताई प्रत्येक नळीवरची नावाची पट्टी ओली करून नखाने खरवडत. नाव राहिलं तर कुणाचा तरी गावभर बोभाटा व्हायचा, म्हणून हा नियम. चांगलाच नियम होता. नव्या लोकांना मीच तो समजावून सांगे.

त्या दिवशी एका नळीत लागण निघाली. शैलाताई ती उजेडाकडे धरून बघत राहिल्या. काचेवर डिंकाचा चौकोनी डाग तेवढा उरला होता.

"आता हिला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

मी वहीत लागणीचा आकडा एकाने वाढवला. अंदाजाला माणसं लागतात, पण ती अनोळखीच लागतात. माझ्या आकड्यात ही बाई आली होती. औषध द्यायला मात्र ती कुठेच नव्हती. तिच्या पोटातलं बाळही कुठेच नव्हतं.

बाहेर बाकावर पुढच्या तपासणीला आलेल्या बायका बसल्या होत्या. एकीने मला थांबवलं.

"मॅडम, मागच्या वेळचं माझं रक्त चांगलं आहे ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, मी अजून रिपोर्ट पाहिला नसेल.