धागा न लावता केलेली खूण

मोजणीच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळा कारखाना 'मायक्रॉन' म्हणायचा. एक तर अंगाने काटकुळा, त्यात मायक्रॉनपलीकडे दुसरं बोलणं नाही. एका केसाच्या जाडीत असे सत्तर मावतात, हे त्याने म्हणे लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनाही ऐकवलं होतं. सासऱ्यांनी तेव्हा मुलीकडे जरा काळजीने पाहिलं होतं.

त्याच्याकडे पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, यायचे. ग्राइंडिंगच्या फिरत्या दगडावर घासून आलेला शाफ्ट आरशासारखा दिसला तरी त्यावर बारीक डोंगरदऱ्या असतातच. हिऱ्याच्या टोकाची सुई त्यावरून सावकाश ओढली की कागदावर त्यांची वेडीवाकडी रेघ उमटे आणि शेवटी एक आकडा येई. तो शून्य पॉइंट चार मायक्रॉनच्या आत हवा, नाहीतर शाफ्टवरचं रबरी सील खरवडून निघतं.

पण आकड्याला सगळंच कळतं असं नाही. ग्राइंडिंगचा दगड हिऱ्याने साफ करताना हात जरा घाईने चालला, तर शाफ्टवर स्क्रूसारखे अगदी पुसट आटे उमटतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, आकडाही चांगलाच येतो. पंप फिरू लागला की मात्र त्या आट्यांवरून तेल हळूहळू सीलबाहेर चालत येतं. त्यासाठी एक जुनी साधी रीत होती. शाफ्टला तेल लावायचं, तो आडवा धरून सावकाश फिरवायचा आणि त्यावरून एक धागा टाकून त्याला वजन लटकवायचं. धागा जागेवर राहिला तर शाफ्ट चांगला. एका बाजूला सरकत गेला तर दगड पुन्हा साफ करायचा. दर खेपेच्या पहिल्या शाफ्टवर हे करून तक्त्यातल्या 'धागा' या रकान्यात बरोबरची खूण करायची आणि मग शिक्का मारायचा.

गेली बारा वर्षं धागा कधी हलला नव्हता. ग्राइंडिंगला बसायचा तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्याचा हात सोन्यासारखा. एके दिवशी काम तुंबलं होतं, आकडा सुरेख आला होता. मायक्रॉनने धागा ड्रॉवरमध्येच ठेवला आणि खूण केली. काही बिघडलं नाही. पुढच्या खेपेलाही तसंच केलं. असं करता करता वर्ष गेलं.

मग एकशे चाळीस शाफ्टची एक खेप परत आली. सगळे पंप गळत होते. मॅनेजरने स्वतः उभं राहून धागा लावला आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरकत गेला. तक्त्यात मात्र खूण होती, शिक्का होता. मॅनेजरने त्यावरून सरळ हिशेब मांडला: तपासणीच्या वेळी शाफ्ट ठीक होते, म्हणजे त्यानंतर कुणीतरी गुपचूप ते पुन्हा मशीनवर चढवले. ते ग्राइंडरशिवाय कोण करणार? चौकशी होईपर्यंत मेहुण्याला मशीनवरून उठवून गोदामात बसवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बहिणीकडे आला. चप्पल काढता काढताच बोलू लागला.

"भावोजी, तुमचा धागा हलला नव्हता ना? मग माझा शाफ्ट बिघडला कधी? भुताने येऊन घासला?"

"बघतो मी," मायक्रॉन म्हणाला.

"बघतो काय? लोक मला 'हातचलाखी' म्हणून हाक मारतायत. सव्वीस वर्षं त्या मशीनवर काढली मी!"

"अरे, हे चुकायचे नाहीत," बायको पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "कपाटाचं दार किती वाकलंय तेसुद्धा मोजून सांगतात. यांनी बरोबर म्हटलं म्हणजे बरोबर. तू नीट आठव, दुसऱ्या कुणी हात लावला का."

मायक्रॉनने तांब्या मेहुण्यापुढे सरकवला. मेहुणा गेल्यावर जेवणाच्या ताटावर तो नुसता बसून राहिला.

सकाळी तो मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, धागा लावलाच नव्हता. खूण मी तशीच केली."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी बरं नव्हतं का तुम्हाला? तसं असेल तर तसं लिहू."

सुटायला एवढी वाट पुरे होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"बरा होतो साहेब. त्या दिवशीच नाही, वर्षभर नाही लावला."

"वर्षभर?" मॅनेजर म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. मायक्रॉनने खिशातला शिक्का काढून त्या हातावर ठेवला.

मेहुणा त्याच दुपारी मशीनवर परतला. मायक्रॉनला पॅकिंगला धाडलं. शाफ्टला तेल फासायचं आणि मेणकागदात गुंडाळायचं, एवढंच काम. आठवड्याने मेहुणा तिथे आला.

"माझाही हात घाईत चालला असणार, ते मी मानतो. तुमचा धागा सरकला असता तर पाच मिनिटांत दगड साफ केला असता," तो म्हणाला. "पण घरी मी तुमच्यासमोर बसलो होतो, भावोजी. तेव्हा का नाही बोललात?"

"तुझी ताई समोर होती."

"म्हणजे तिच्यासमोर मी चोर ठरलो तरी चालत होतं."

मायक्रॉनने पुढचा शाफ्ट मेणकागदात गुंडाळायला घेतला.

त्यानंतर मेहुणा घरी येईनासा झाला. दर रविवारी बायको एकटीच भावाकडे जायची आणि ती परत येईपर्यंत मायक्रॉन दाराजवळ खुर्ची टाकून बसायचा.

"बरा आहे ना?"

"बरा आहे. काम चांगलं चाललंय म्हणाला."

"आणखी काही?"

"तुमचं काही विचारलं नाही," ती पिशवी खुंटीला अडकवत सांगायची. त्याला बरं वाटावं म्हणून तिने एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि तिने तसं सांगावं असं त्यालाही वाटेनासं झालं होतं.