आधी मागे, मग पुढे

आमच्या शेडमधलं मिलिंग मशीन विश्रामदादांपेक्षा थोडंच लहान असेल. अशा म्हाताऱ्या मशीनच्या स्क्रूला ढिलाई येते, तिला आम्ही प्ले म्हणतो. हँडल फिरवलं तरी माल धरणारं टेबल लगेच सरकत नाही. म्हणून माप घेताना हँडल आधी जरा मागे न्यायचं, मग पुढे आणायचं. ढिलाई निघून जाते आणि शाफ्टातली, म्हणजे लोखंडी दांड्यातली, खाच जिथल्या तिथे पडते. ही खोड दादांच्या इतकी हाडीमाशी खिळली होती, की चहाचा कप उचलतानासुद्धा ते तो आधी जरा मागे ढकलायचे.

"दादा, कपाला पण प्ले हाय काय?" मी शेजारच्या लेथवरून विचारायचो. ते हसायचे आणि कप त्याच थाटात पुढे आणायचे.

दादा मूळचे माकुणसारचे. भाऊ गावी वाडी करतात. ह्यांना मात्र लोखंडाचं वेड. बोईसरला आले, सालवडला खोली घेतली आणि जन्म ह्या एका मशीनपाशी काढला. दुसऱ्या कोणी हँडलला हात लावलेला त्यांना खपत नसे. मी तर म्हणायचो, सुगंधावहिनींची सवत ती ही इथे उभी आहे.

मग खाचा चुकू लागल्या. शाफ्ट परत येऊ लागले. दादा म्हणाले, मशीनचा प्ले वाढलाय. जुनं मशीन आणि दादांचा शब्द, शंका कोण घेणार? भगवंत फिटरने टेबलाच्या पट्ट्या आवळल्या. खाच चुकलीच. त्याने आणखी आवळल्या. टेबल इतकं जाम झालं, की दादा दोन्ही हातांनी हँडल ओढायचे आणि घामाने भिजायचे. जितकं आवळावं तितका माल बिघडायचा. भगवंत मालकांच्या शिव्या खाऊ लागला आणि दादा खाली मान घालून उभे राहायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप त्या मशीनवर खाच पाडून बघितली. जोर लागला, पण खाच बरोबर पडली. वळलो तर मागे दादा. उजवं कोपर त्यांनी बरगडीला दाबून धरलं होतं, तरी बोटं हलत होती.

"मशीनला काय नाय, भावेश," ते म्हणाले. "माज्या हाताला हाय. घरी पण सांगितलं नाय."

एरवी सगळ्यांची टोपी उडवणारा मी, फडकं घेऊन मशीनवरचा कीस पुसत बसलो.

शेवटी मीच त्यांना समजावून पालघरला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कंप कमी होईल, पण आजार मुळापासून जाणार नाही.

"कुठे आवळता नाय येणार?" दादांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळलाच नाही. मला कळला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी वहिनींना आणि शेडमध्ये मालकांना सांगावंच लागलं. माणूस वाईट नाही. त्यांनी दादांना काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. शाफ्टला ग्रीस फासायचं आणि कागदात गुंडाळायचं. मशीनवर बबलू आला, त्याचा हातही चांगला आहे. राग करावा असं कोणीच नव्हतं, आणि ह्याचाच मला फार राग यायचा.

दसऱ्याला सगळ्यांची घरची माणसं येतात, मशीनची पूजा होते. मिलिंगला पहिलं कुंकू दादांचं, हा आमचा शिरस्ता. मालकांनी ताट नेहमीसारखं त्यांच्यासमोर धरलं.

दादांनी चिमूट पुढे नेली, ती थरथरली. त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे आणला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कुंकू जमिनीवर सांडत राहिलं. बबलू आपल्या बुटांकडे बघू लागला. कोणी तरी त्यांचा हात धरावा असं मला वाटत होतं, आणि मी माझ्या लेथला टेकून उभाच राहिलो.

"ढिलाई निघत नाय गे," ते वहिनींना म्हणाले. "तूच लाव."

वहिनींनी ताट घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी ह्या मशीनला कधी हात लावला नव्हता. कुठे लावू, म्हणून त्यांनी हळूच विचारलं. दादांनी हात पाठीमागे बांधून घेतले आणि हँडलकडे नुसती मान केली.